दगडांच्या बाजूने

१

शेडमधला समुद्र सकाळी साडेनऊला सुरू व्हायचा आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीत बंद. त्याआधीचा तासभर पाणी निपचित पडलेलं असायचं, आणि ताईचं खरं काम त्याच तासात चालायचं.

ताई लाटा मोजायची. अकरा वर्षं हेच. "मी समुद्र पाहिला कमी, मोजला जास्त," असं ती म्हणायची, आणि ते खरंही होतं. हौद चाळीस पावलं लांब, तीस पावलं रुंद, पाणी जेमतेम गुडघ्याच्या वर. एका कडेला साठ लोखंडी फळ्या खांद्याला खांदा लावून उभ्या. मोटारी लागल्या की प्रत्येक फळी आपल्या तालावर मागेपुढे डुलायची आणि खऱ्या समुद्रात उठतात तशा तिरक्या-वाकड्या, एकमेकींना छेदत जाणाऱ्या लाटा निघायच्या. मध्ये बंदराचं मॉडेल, खऱ्याच्या पन्नासाव्या हिश्श्याचं. आणि समोरच्या कडेला दगडांचा उतार. आलेली लाट त्या दगडांत शिरायची आणि तिथेच विरायची. परत यायची नाही. त्यासाठीच तो उतार होता.

मॉडेल बांधणारे मिस्त्री. वय अठ्ठावन्न, उजवा गुडघा कामातून गेलेला. एक पाऊल टाकायचे, दुसरं ओढायचे. "माझा गुडघा म्हणजे सरकारी फाईल हो ताई," ते म्हणायचे, "हलते, पण आपल्या वेळेने." रोज सकाळी मांडीपर्यंतचे रबरी बूट चढवून ते हौदात उतरायचे आणि लाटांची उंची टिपणाऱ्या प्रोबच्या तारा मऊ फडक्याने पुसायचे. पाण्यात पाच-पाच प्रोबची दोन पंचकं उभी होती. तार मळली की खोटं बोलते. मिस्त्री बाहेर आले की वीस मिनिटं पाणी निवू द्यायचं, मग केबिनमध्ये बसून स्क्रीनवरची रेघ बघायची. ती आखल्यासारखी सरळ दिसली की दिवस सुरू.

त्या मंगळवारी ती सरळ दिसली नाही.

२

फार काही नव्हतं. दोन बारीक उंचवटे, थोडी सपाटी, पुन्हा दोन उंचवटे. ताईने आधी पंप बंद केला. मग पंखे. मग पहारेकऱ्याला सांगून मागच्या रस्त्याने जाणारे ट्रक अर्धा तास थांबवले; तो कपाळाला आठ्या घालून गेला, पण थांबवले त्याने. शेडचं दार लावून घेतलं, वाऱ्याची झुळूकसुद्धा आत येणार नाही असं. रेघ हलतच होती.

मग तिने दिशा काढली. पंचकाचा उपयोग त्यासाठीच. लाट पाचांपैकी एका प्रोबला आधी लागते, दुसऱ्याला क्षणभराने, आणि त्या क्षणाक्षणांच्या फरकातून ती कुठून आली ते कळतं. स्क्रीनवर गोल उमटला आणि गोलाच्या खालच्या काठावर एक लाल डाग.

दगडांच्या बाजूने.

ताई बराच वेळ त्या डागाकडे बघत बसली. दगडांत लाट जाते. दगडांतून लाट येत नाही.

साहेब तिचे एकेकाळचे शिक्षक, त्यामुळे अजून अगंतुगं करायचे. "किती उंची?" त्यांनी विचारलं.

"तीन मिलिमीटर."

"तीन मिलिमीटर! अगं, मी चहावर फुंकर मारली तरी एवढी लाट उठते."

"पन्नास पट केली की खऱ्या बंदरात पंधरा सेंटिमीटर होते, साहेब. गोदीत तीसच्या वर चालत नाही. आपली आत्ताच अठ्ठावीस येतेय. ही धरली तर मर्यादा ओलांडते."

"मग धरू नकोस. यंत्राची कुरकुर आहे ती, चाळून टाक. शुक्रवारी अहवाल जायलाच हवा."

ताईला पटलं नाही. पण दुसरं कारण तिच्याकडे नव्हतं, आणि कारणाशिवाय बोलायची तिला सवय नव्हती. तिने ती लाट चाळून टाकली. रेघ सरळ झाली. पाहुणे यायच्या आधी केर सतरंजीखाली ढकलावा तसं तिला वाटलं.

३

बुधवारी तिच्या हातून एक चूक झाली. मिस्त्री तारा पुसत होते तेव्हा नोंद बंद करायची राहून गेली.

दुपारी ती पुसून टाकायला बसली आणि सहज गंमत म्हणून तिने एक हिशेब मांडला. एका पंचकाने दिशा कळते. दोन पंचकांच्या दिशा एकमेकींना जिथे छेदतात तिथे जागा कळते. मिस्त्रींनी पाण्यात टाकलेल्या प्रत्येक पावलाची जागा तिने कागदावर ठिपक्याने मांडली. पायऱ्यांपासून प्रोबपर्यंत ठिपक्यांची माळ उमटली, एक अंतर लांब, एक आखूड. लांब, आखूड. तिला हसू आलं. मिस्त्रींचा गुडघा कागदावर उतरला होता.

मग तिने मंगळवारची नोंद घेतली. पाण्यात कोणी नसतानाची.

पुन्हा ठिपकेच उमटले. दगडांच्या पायथ्याशी, काठाकाठाने, इकडून तिकडे आणि तिकडून इकडे. पण अंतरं सगळी सारखी, पट्टी लावून टाकल्यासारखी. माणूस इतकं सारखं चालत नाही.

बुधवार सकाळची नोंद. तेच. फक्त मधूनच एखादं अंतर आखूड.

गुरुवारी सकाळी ती आठच्या आधीच येऊन बसली. मिस्त्री तारा पुसून बाहेर आले, पाणी निवलं. त्या दिवशी दर चौथं अंतर आखूड होतं. ताईने खिडकीतून बघितलं. हौद समोर होता, रिकामा, पत्र्यातल्या फटींतून पडलेल्या उन्हाचे पट्टे पाण्यावर स्थिर. निदान डोळ्यांना स्थिर. तीन मिलिमीटर इतक्या लांबून कोणाला दिसणार?

तिने स्वतःला समजावलं. जुनी नोंद नव्या नोंदीत सांडत असेल. मिस्त्रींच्या चालण्याचा अवशेष मशीनच्या पोटात राहत असेल. तिने सगळं पुसलं, मशीन बंद करून पुन्हा लावलं, कोरी नोंद घेतली.

लांब, आखूड. लांब, लांब. लांब, आखूड.

कोणीतरी लंगडायला शिकत होतं.

४

"ताई, एक विचारू? हसणार नसाल तर."

त्याच दिवशी अकराचा चहा. ताईने मोटारी अजून लावल्या नव्हत्या. मिस्त्री शेडच्या दाराशी उलट्या घमेल्यावर बसले होते, गुडघा दोन्ही हातांनी धरून.

"विचारा की."

"पाण्यात चालताना आपल्या पायांचा आवाज आपल्याला येतो. बरोबर? डुबुक, डुबुक. मी थांबलो की तोही थांबायला हवा." त्यांनी कपात बघितलं. "हल्ली एक पाऊल उशिरा थांबतो."

ताई हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं, असं तिला पुढे कितीतरी वेळा वाटलं. निदान मिस्त्रींनीही ते हसण्यावारी नेलं असतं.

"शेड मोकळी आहे, मिस्त्री. आवाज घुमतो."

"तीस वर्षं घुमतोय हो. त्या घुमण्याशी माझी ओळख आहे." मग तेच हसले. "जाऊ द्या. म्हातारचळ. बायको म्हणते ते खोटं नाही."

तेव्हा ती सांगू शकली असती. कागद तिच्या ड्रॉवरमध्येच होता. पण सांगायचं काय? तुमची चाल कोणीतरी उचलतंय? तिला आधी खात्री करून घ्यायची होती. दोन्ही नोंदी एकाच वेळी मिळाल्या, मिस्त्री पाण्यात असताना दगडांकडचे ठिपके उमटले किंवा नाही उमटले, तर काय तो निकाल लागेल. उमटले नाहीत, तर दोष मशीनचा आणि अहवाल निर्धास्तपणे जाईल. त्या गोदीत होड्या बांधून माणसं झोपणार होती. खात्री हवीच होती.

"मिस्त्री, चहा झाला की एकदा दगडांपर्यंत जाऊन याल? नोंद चालू ठेवते."

मिस्त्रींनी तिच्याकडे बघितलं. नाही म्हणतील असं तिला क्षणभर वाटलं.

"तुम्ही बघताय ना वरून?"

"बघतेय."

"मग झालं," म्हणाले, आणि बूट ओढू लागले.

५

ताई केबिनमध्ये स्क्रीनसमोर बसली. डाव्या हाताला खिडकी, खिडकीत हौद. मिस्त्री पायऱ्या उतरले. पहिला ठिपका उमटला. दुसरा. लांब, आखूड.

पाच-सहा पावलं झाली असतील. स्क्रीनच्या दुसऱ्या टोकाला, दगडांच्या पायथ्याशी, एक ठिपका उमटला.

मिस्त्रींचं पाऊल. दगडांकडचं पाऊल. लांबाला लांब, आखुडाला आखूड. दोन माळा एकमेकींकडे येऊ लागल्या. आता काठाकाठाने नाही, सरळ. ताईची नजर स्क्रीनवरून हलेना. एवढी वर्षं तिने पाण्यापेक्षा रेघेवर विश्वास ठेवला होता. त्या क्षणीही तिने तेच केलं.

"ताई," खालून हाक आली. मिस्त्री थांबले होते. आवाज साधाच, जरा बुचकळ्यात पडलेला. "इथे पाणी खोल आहे का हो? तळ मीच घातलाय, पण..."

तिने मान वळवली. मिस्त्री हौदाच्या मधोमध पाठमोरे उभे होते आणि पाणी त्यांच्या कमरेला लागत होतं.

"बाहेर या! मिस्त्री, मागे फिरा!"

ती उठली, खुर्ची मागे कलंडली. पडू नये म्हणून तिने वळून खुर्ची धरली. का धरली देव जाणे, हात आपसूक गेला. तेवढाच वेळ. पुन्हा वळली तेव्हा स्क्रीनवर दोन्ही माळा एका जागी भिडल्या होत्या, आणि मिस्त्री तिच्या बाजूला तोंड करून परत येत होते. पाणी गुडघ्याच्या जरा वर. नेहमीसारखं.

"आलो, ताई."

पायऱ्या चढून ते वर आले. शर्ट कोरडा होता. बुटांच्या वर पँटही कोरडी.

"कमरेपर्यंत गेला होतात तुम्ही," ताई म्हणाली.

"छे हो. एवढंच तर पाणी," मिस्त्री म्हणाले आणि बूट काढायला बसले.

६

शुक्रवारी अहवाल गेला. ताईने सही केली. साहेबांनी पाठ थोपटली, सोमवारी हौद रिकामा करून मॉडेल फोडायला घ्या म्हणाले.

अहवाल जायच्या आधी, सकाळी, मिस्त्री नेहमीसारखे तारा पुसायला उतरले होते. ताईने नोंद मुद्दाम चालू ठेवली. मिस्त्री पायऱ्यांपासून पहिल्या पंचकापर्यंत गेले. रेघ सरळ. पाचही तारा पुसल्या. सरळ. तिथून दुसऱ्या पंचकाकडे निघाले, एक पाऊल टाकत, एक ओढत, आणि पायऱ्यांच्या बाजूला एकही ठिपका नाही.

ताई हौदावरच्या लोखंडी पुलावर गेली आणि कठड्यावरून वाकून बघू लागली. बूट पाण्यात शिरत होते, निघत होते. बोटाने दुधावरची साय दाबावी आणि बोट काढल्यावर ती पुन्हा मिटावी तसं पाणी त्यांच्याभोवती मिटत होतं. एकही वर्तुळ उठत नव्हतं. आवाजही नव्हता.

मिस्त्रींनी वर बघितलं. "काय बघताय, ताई?"

"काही नाही."

"तार मळली की खोटं बोलते," ते म्हणाले. तिला माहीत होतं ते. त्यांनीच शिकवलेलं. पण सांगताना ते कधी असं थांबून तिच्या तोंडाकडे बघत नसत.

मिस्त्री पाण्याबाहेर आल्यावर ती केबिनमध्ये परतली आणि त्यानंतरची नोंद उघडली. तिथे ठिपक्यांचा सडा पडला होता. दगडांपासून पायऱ्यांपर्यंत आणि परत, पुन्हा पायऱ्यांपर्यंत आणि परत. लांब, आखूड, लांब, आखूड. चूक एकही नाही. आणि ते चालणं पहिल्यासारखं संथही नव्हतं. खोलीत अडकलेला माणूस दाराशी जाऊन परत येतो तसं होतं.

हे सगळं बघून झाल्यावर तिने सही केली होती. तिच्या डोक्यातली ती शहाणी, मोजूनमापून बोलणारी बाई तिला सांगत होती, दमलीस तू. दोन दिवस झोप काढ.

७

सोमवारी दुपारी पहारेकऱ्याने निरोप आणला की मिस्त्रींच्या घरून बाई आल्यात. ताई त्यांना एक-दोनदाच भेटली होती. ठसठशीत बाई, मोठ्याने बोलणारी. आज केबिनच्या दारात उभी होती ती आवाज घरी ठेवून आल्यासारखी.

"बसा ना वहिनी. मिस्त्री मागे पंपाकडे आहेत. बोलावू?"

"नको," त्या पटकन म्हणाल्या. "तुमच्याकडेच आलेय. त्यांना माहीत नाही." बसल्या, मांडीवर हात ठेवले. "ताई, गुरुवारी इथे काय झालं?"

"का?"

"माणूस वाईट नाही हो. तसलं काही नाही. उलट भांडणच होत नाही आमचं. सत्तावीस वर्षं खिडकीवरून भांडतोय आम्ही, मी उघडायची, त्यांनी लावायची. गुरुवारपासून म्हणतात, तुला हवं तसं. इतका शहाणा नवरा मला कोणी दिला?" हसायला गेल्या, जमलं नाही. "त्या दिवशी घरी आले तर कपडे सगळे कोरडे. खिसासुद्धा कोरडा. आणि खिशातला रुमाल तेवढा पिळून काढावा इतका ओला. विचारलं, आज काय केलंत? म्हणाले, पाण्यात आहे. मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, पाण्यात होतो."

ताईने खिडकीतून हौदाकडे बघितलं.

"झोपेत छातीला कान लावला मी. ठोका पडतो. पण सारखा. घड्याळाला किल्ली दिल्यासारखा. जिना चढून आले तरी तेवढाच." त्यांनी मान वर केली. "मला ते पाणी दाखवता?"

दोघी पुलावर गेल्या. वहिनी कठड्याशी उभ्या राहिल्या. पाणी पडून होतं, काचेसारखं. त्यांनी आजूबाजूला कोणी नाही असं बघून घेतलं, आणि घरात दुसऱ्या खोलीतल्या माणसाला मारावी तशी हलकेच हाक मारली.

"अहो."

काही नाही.

"अहो, ऐकलंत का?"

पुलावरून केबिनची स्क्रीन दिसत होती. ताईने तिकडे बघितलं. दगडांच्या पायथ्याशी ठिपका उमटला. मग दुसरा. मग भराभरा, आखूड पावलाला न जुमानता, पडत-झडत धावत यावं तसे, मॉडेलच्या भिंतीला वळसा घालून थेट पुलाखाली. तिथे ते थांबले. आणि वहिनींच्या बरोबर खाली, इतक्या जवळून दिसेल एवढं, पाणी थरथरू लागलं.

वहिनींनी तोंडावर हात दाबून धरला.

त्याच वेळी शेडच्या कोपऱ्यात लोखंड करकरलं. मिस्त्री व्हॉल्व्हचं चाक फिरवत होते.

८

"थांबा! मिस्त्री, पाणी सोडू नका!" ताई धावली.

"साहेबांनी सांगितलंय, ताई. सोमवारी हौद रिकामा." त्यांचा आवाज समजुतीचा होता. "मॉडेल संपलं ना आता."

तिने चाकावर हात घातला, त्यांच्या हातांवर. ते हात ना गार ना गरम. हौदातल्या पाण्याइतके. चाक मागे फिरेना. तिने तसाच साहेबांना फोन लावला.

"थांबवायचं? कशासाठी?" साहेब म्हणाले.

"पाण्यात..."

"पाण्यात काय?"

अकरा वर्षांत साहेबांनी कारण विचारलं आणि तिच्याकडे ते असूनही देता आलं नाही, असं हे पहिल्यांदाच झालं. "अगं, बरं नाही का तुला?" साहेब विचारत राहिले. तिने फोन खाली घेतला आणि ती केबिनच्या दाराशी आली.

पाणी उतरत होतं. वहिनी पुलावरून उतरून हौदाच्या पायऱ्यांवर आल्या होत्या. चपला काढून त्या पाण्यात शिरल्या, घोट्यापर्यंत, आणि अहो, अहो, इकडे, असं काहीतरी पुटपुटत राहिल्या. केबिनमधल्या स्क्रीनवर ठिपके त्यांच्या भोवती एकावर एक पडून काळा गोळा झाला होता. मग पाणी प्रोबच्या खाली गेलं, तारा उघड्या पडल्या, आणि त्यापुढचं काही नोंदलं गेलं नाही.

बाकीचं ताईने डोळ्यांनी बघितलं. सगळं पाणी तळाच्या उताराने निचऱ्याच्या जाळीकडे धावलं. हौदाचा करडा तळ उघडा पडला, ओला, त्यावर मॉडेल आणि काही नाही. फक्त वहिनींच्या पायांशी ओंजळभर पाणी मागे राहिलं, उतार असूनही. थोडा वेळ ते तिथेच थरथरलं. वहिनी खाली वाकल्या, त्यांनी त्यात हात घातला. मग तेही निघालं, त्यांच्या बोटांमधून, जाळीकडे.

मिस्त्रींनी चाक पक्कं केलं आणि हात फडक्याला पुसले. "चल," ते बायकोला म्हणाले. "आलीच आहेस तर बरोबरच जाऊ."

वहिनींनी पाय पुसले. चपला घातल्या. दुसरं काय करणार होत्या? घर तिथेच होतं, आणि घरी जायला माणूस हाच होता. मिस्त्री पुढे झाले, एक पाऊल टाकत, एक ओढत. सिमेंटवर त्यांच्या चालण्याचा आवाज अगदी नेहमीसारखा येत होता.

दारापर्यंत जाऊन वहिनी परत आल्या आणि ताईच्या अगदी जवळ येऊन उभ्या राहिल्या.

"ताई," त्या कुजबुजल्या, "परत भराल ना?"

बाहेर निघालेले मिस्त्री थांबले. वळले नाहीत. नुसते थांबले, ऐकत.